वाचक विचारतात: तेरा जहाजं, एकवीस शिपाई आणि बर्फातले रणगाडे

युद्धांच्या इतिहासावर प्रश्न मागवले होते, आलेही भरपूर. बऱ्याच जणांनी फोनवर आलेल्या गोष्टी जशाच्या तशा पाठवून "हे खरं आहे का" एवढंच विचारलंय, आणि ते मला मनापासून आवडलं, कारण विचारलं तरच कळतं. काहींना सविस्तर उत्तर दिलंय, काही दोन ओळींत संपवलेत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न: कोरियाच्या एका ॲडमिरलने फक्त १३ जहाजं घेऊन जपानची शंभरावर जहाजं पळवून लावली, अशी गोष्ट वाचली. इतकं शक्य आहे का?

शक्य आहे, आणि झालंय. त्या ॲडमिरलचं नाव यी सुन-सिन, साल १५९७. पण त्याआधी त्या माणसाचं काय झालं होतं ते कळल्याशिवाय ही लढाई किती मोठी होती ते कळत नाही, म्हणून तिथून सुरू करतो.

जपानने १५९२ मध्ये कोरियावर पहिल्यांदा हल्ला केला तेव्हा जमिनीवर कोरियाची धूळधाण झाली, पण समुद्रात यीने जपान्यांना लढाईमागून लढाई हरवलं, त्यामुळे त्यांच्या सैन्याची समुद्रमार्गे येणारी रसदच अडचणीत आली. मग १५९७ मध्ये जपानच्या एका हेराने कोरियन दरबारात खबर पेरली की अमुक दिवशी जपानी आरमार अमुक ठिकाणी येणार आहे, जाऊन अडवा. राजाने हुकूम दिला, यीला हा सापळा आहे हे दिसत होतं म्हणून तो गेला नाही. झालं, हुकूम मोडला म्हणून त्याला पकडून राजधानीत नेलं, छळ केला, सगळे हुद्दे काढून घेतले आणि साधा शिपाई म्हणून फौजेत पाठवलं. कैदेतून सुटला त्याच सुमारास त्याची आई वारली, तिच्यासाठी धड शोक करायलाही त्याला मिळालं नाही. आणि त्याच्या जागी आलेल्या वॉन ग्यूनने जवळजवळ सगळं आरमार एका लढाईत घालवलं, स्वतःही त्यातच मेला.

मग दरबाराला यीची आठवण झाली. हातात राहिली होती १२ जहाजं. राजाचं म्हणणं होतं की आता आरमार बंदच करू, उरलेल्या लोकांना जमिनीवरच्या फौजेत घेऊ. त्यावर यीने कळवलं की माझ्याकडे अजून बारा जहाजं आहेत आणि मी जिवंत आहे. पुढे एक जहाज आणखी मिळालं, तेरा झाली.

आता लढाई. यीने जागा निवडली म्यॉन्ग्न्यांगची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद भागात जेमतेम ३०० मीटर रुंद, आणि पाणी इतकं जोरात की प्रवाहाचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास जातो, वर भरती-ओहोटीने त्याची दिशा दिवसातून चार वेळा उलटते. शत्रूकडे १३३ लढाऊ जहाजं असली तरी त्या चिंचोळ्या जागेत ती सगळी एकदम शिरूच शकत नव्हती, म्हणजे आकड्याचा फायदा तिथेच अर्धा संपला. सुरुवातीला प्रवाह जपान्यांच्या बाजूने होता आणि यीची बाकीची जहाजं घाबरून मागे राहिली, बराच वेळ त्याचं एकट्याचं जहाज पुढे उभं राहून तोफा डागत होतं. त्याने मागच्या कप्तानांना निशाण दाखवून बोलावलं आणि आन वी नावाच्या कप्तानाला ओरडून विचारलं की पळून जाऊन वाचशील असं वाटतं का, लष्करी कायद्याने मरायचंय का तुला. हे त्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय. मग एकेक जहाज पुढे आलं, प्रवाह उलटला, आणि दाटीवाटीने उभी असलेली जपानी जहाजं एकमेकांवर आदळायला लागली. त्यांची ३१ जहाजं गेली, कोरियाचं एकही बुडालं नाही.

जहाजांचाही भाग होता यात. कोरियन जहाजं सपाट बुडाची, त्यामुळे जागच्या जागी वळायची, बाजू उंच, आणि तोफा जड. जपान्यांची पद्धत म्हणजे जवळ जायचं, दुसऱ्याच्या जहाजावर उड्या मारायच्या आणि तलवारीने संपवायचं, पण जवळ जाईपर्यंतच तोफा खाव्या लागत होत्या आणि पोचलं तरी बाजू उंच असल्यामुळे चढणं अवघड.

या विजयाची किंमतही त्याने मोजली. लढाईनंतर थोड्याच दिवसांत जपानी सैनिकांनी त्याच्या गावाकडच्या घरावर हल्ला केला आणि त्याचा धाकटा मुलगा म्यॉन मारला गेला. ती बातमी आली त्या दिवसाचं डायरीतलं लिखाण वाचताना तो सेनापती वाटतच नाही, फक्त बाप वाटतो. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५९८ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या लढाईत गोळी लागून तो गेला, आणि जाताना सांगून गेला की लढाई संपेपर्यंत माझ्या मरणाची बातमी कुणाला कळू देऊ नका.

प्रश्न: हीच ती लोखंडी पाठीच्या कासव-जहाजांची लढाई ना? आणि समुद्रात साखळी बांधून जहाजं अडवली होती असंही ऐकलंय.

दोन्ही नाही. कासव-जहाजं यीनेच आधीच्या लढायांत वापरली, पण वॉन ग्यूनच्या पराभवात ती गेली, म्यॉन्ग्न्यांगला होती ती साधी लढाऊ जहाजं. साखळीची गोष्ट नंतरची आहे, यीच्या डायरीत तिचा उल्लेख नाही, आणि इतकं बारीकसारीक लिहिणारा माणूस ती मोठी गोष्ट विसरला असेल हे मला पटत नाही. शिवाय साखळीची गरजच काय, पाण्यानेच काम केलं की.

प्रश्न: थर्मोपिलीला खरंच फक्त ३०० जण लढले का?

नाही. इ. स. पू. ४८० मध्ये इराणी सैन्याला अडवायला ग्रीसमधल्या त्या खिंडीत ग्रीकांच्या वेगवेगळ्या नगरराज्यांचे मिळून सुमारे ७,००० लोक होते, ३०० हा आकडा फक्त स्पार्टाच्या सैनिकांचा. मागची वाट इराणी सैन्याला एफिआल्टिस नावाच्या माणसाने दाखवल्यावर बाकीच्यांना परत पाठवलं, पण थेस्पिया नावाच्या छोट्या नगराचे ७०० जण स्वतःहून थांबले आणि मेले. छोट्या गावातून ७०० माणसं जाणं म्हणजे लढू शकणारे जवळजवळ सगळेच गेले, तरी नाव कुठेच येत नाही त्यांचं, आणि मला हे फार लागतं. पुढच्या वेळी ही गोष्ट कुणाला सांगाल तेव्हा थेस्पियाचं नाव जरूर घ्या.

प्रश्न: दुसरं महायुद्ध संपल्यावरही जंगलात लढत राहिलेला जपानी सैनिक, त्याला हिरो म्हणायचं का?

हिरोओ ओनोदाबद्दल विचारताय. डिसेंबर १९४४ मध्ये त्याला फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर पाठवलं, शरण जायचं नाही आणि जीवही द्यायचा नाही असा हुकूम होता. १९४५ मध्ये युद्ध संपलं, विमानातून पत्रकं टाकली, घरच्यांची पत्रं टाकली, पण त्याला आणि त्याच्या तीन साथीदारांना ती शत्रूची चाल वाटली. एक साथीदार निघून जाऊन १९५० मध्ये शरण आला, एक १९५४ मध्ये मारला गेला, शेवटचा १९७२ मध्ये. मग ओनोदा एकटाच उरला. १९७४ च्या फेब्रुवारीत नोरिओ सुझुकी नावाच्या भटक्या तरुणाने त्याला शोधून काढलं, या सुझुकीने ठरवलं होतं की लेफ्टनंट ओनोदा, पांडा आणि हिममानव हे तिघं शोधायचे. पण ओनोदा म्हणाला की माझ्या वरिष्ठाचा हुकूम आल्याशिवाय मी हलणार नाही. मग त्याचा जुना वरिष्ठ मेजर तानिगुची, जो तोवर पुस्तकं विकत होता, त्याला जपानहून आणलं, त्याने ९ मार्च १९७४ ला हुकूम वाचून दाखवला, तेव्हा ओनोदाने हत्यार खाली ठेवलं. रायफल तेव्हाही चालू स्थितीत होती.

आता हिरोचं. त्याची सहनशक्ती अफाट होती, ते कुणी नाकारू नये. पण या २९ वर्षांत त्याच्या गटाच्या हातून लुबांग बेटावरचे सुमारे ३० लोक मारले गेले, शेतकरी, साधी माणसं, ज्यांच्यासाठी युद्ध कधीच संपलं होतं. फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, त्या घरांना कुणी विचारलं का? म्हणून मी त्याला हिरो म्हणत नाही. चुकीचा हुकूम इमानाने पाळला की काय होतं त्याचं हे उदाहरण आहे असं मला वाटतं.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर आणखी एक सैनिक सापडला, तेरुओ नाकामुरा. हा मूळचा तैवानचा, तिथल्या आमिस या आदिवासी समाजातला, तैवान जपानची वसाहत असताना भरती झालेला. ओनोदाच्या मागे कॅमेरे धावले, नाकामुराला ना तसं स्वागत मिळालं ना जपानी सैनिकासारखं पेन्शन. शोधायचंच असेल तर याच्याबद्दलही शोधा.

प्रश्न: सगळ्यात छोटं युद्ध कुठलं?

ब्रिटन आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं झांझिबार, २७ ऑगस्ट १८९६. ३८ ते ४५ मिनिटांत संपलं. ब्रिटिशांना नको असलेला माणूस सुलतान म्हणून राजवाड्यात बसला, त्यांनी सकाळी ९ ची मुदत दिली, ती संपली आणि जहाजांवरून तोफा सुरू झाल्या. हे नेहमी गमतीची माहिती म्हणून फिरतं, पण तेवढ्या वेळात झांझिबारच्या बाजूचे सुमारे ५०० लोक मेले किंवा जखमी झाले, हे सोबत लिहायलाच हवं.

प्रश्न: रशियातल्या बायकांनी रात्री विमानातून बॉम्ब टाकले, त्या "रात्रीच्या चेटकिणी", त्यांच्याबद्दल सांगाल का? माझ्या मुलीला शाळेत बोलायचंय.

नक्की सांगतो, आणि तुमच्या मुलीला शुभेच्छा. मरीना रास्कोवा ही रशियाची नावाजलेली वैमानिक-नेव्हिगेटर, १९३८ मध्ये लांब पल्ल्याच्या विमानप्रवासामुळे देशभर माहीत झालेली. १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा तिने वर बोलून बायकांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या केल्या. त्यातली ५८८ वी ही रात्री बॉम्ब टाकणारी, वैमानिकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या बायका, बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या पोरी, येवदोकिया बेर्शान्स्काया ही त्यांची कमांडर. गणवेश पुरुषांचे, बूट इतके मोठे की आत कापड कोंबून घालायचे.

त्यांना मिळालं होतं पो-२ नावाचं विमान, लाकूड आणि कापडाचं, उघड्या कॉकपिटचं, मूळचं शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं. वेग ताशी १५० किलोमीटर वगैरे. बॉम्ब थोडेच मावायचे म्हणून टाकायचे, परत यायचं, पुन्हा भरायचे, पुन्हा जायचं, एका रात्रीत आठ-आठ फेऱ्या व्हायच्या, हिवाळ्यातल्या लांब रात्री त्याहूनही जास्त. लक्ष्याजवळ आल्या की इंजिन एकदम मंद करून तरंगत खाली यायच्या, जर्मनांना फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू यायची, त्यावरून ते नाव जर्मनांनीच दिलं. आणि हळू असण्याचाही फायदा होता, जर्मन लढाऊ विमान इतक्या कमी वेगात उडूच शकायचं नाही, त्यामुळे नेम धरेपर्यंत ते पुढे निघून जायचं. पण विमानाला गोळी लागली की ते काडेपेटीसारखं पेटायचं, आणि १९४४ पर्यंत पॅराशूटसुद्धा नव्हते त्यांच्याकडे. युद्ध संपेपर्यंत या रेजिमेंटने २३,००० च्या वर फेऱ्या मारल्या आणि २३ जणींना सोव्हिएत संघाचा वीर हा सर्वोच्च किताब मिळाला. मुलीला एवढं जरूर सांगा की या बायकांना चांगलं विमान मिळालं नव्हतं, जे मिळालं त्याच्यात काय करता येतं ते त्यांनी बारकाईने शोधून काढलं.

प्रश्न: आर्किमिडीजने आरशांनी रोमन जहाजं जाळली का?

नाही जाळली. पॉलिबियस, लिव्ही आणि प्लुटार्क या तिघा प्राचीन लेखकांनी आर्किमिडीजच्या सिराक्यूज शहराला रोमनांनी घातलेल्या वेढ्याबद्दल लिहिलंय, त्यात आर्किमिडीजची दगड फेकणारी यंत्रं आहेत, जहाजाचं टोक पकडून उचलून आपटणारे यंत्राचे हात आहेत, आरसे नाहीत. ते शेकडो वर्षांनी आले. इ. स. पू. २१२ मध्ये शहर पडलं आणि एका रोमन शिपायाने त्याला मारलं, खरं तर रोमन सेनापती मार्सेलसला तो जिवंत हवा होता.

प्रश्न: सर, सारागढीला सगळेच्या सगळे २१ शीख मेले ना, मग आत काय झालं ते कुणी सांगितलं? ही शंका कुणीच घेत नाही.

फार चांगली शंका आहे, अशीच घ्यायला हवी. उत्तर गुरमुख सिंग या सिग्नल देणाऱ्या शिपायात आहे.

समाना डोंगररांगेवर, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वात, लॉकहार्ट आणि गुलिस्तान असे दोन किल्ले होते, पण मधे डोंगर असल्यामुळे ते एकमेकांना दिसत नव्हते. म्हणून मधे सारागढीची छोटी चौकी बांधली, तिचं मुख्य कामच निरोप इकडून तिकडे पोचवायचं. निरोप जायचे हेलिओग्राफने, लहान मुलं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात ना तसंच, फक्त आरसा तिपाईवर बसवलेला आणि चमक कमी-जास्त वेळ पाडून मोर्स कोडमध्ये अक्षरं पाठवायची.

१२ सप्टेंबर १८९७ ला सकाळी आफ्रिदी आणि ओरकझई टोळ्यांच्या हजारो लोकांनी चौकीला वेढा घातला. आत ब्रिटिशांच्या भारतीय फौजेतल्या ३६ व्या शीख रेजिमेंटचे २१ जण, हवालदार ईशर सिंग प्रमुख. गुरमुख सिंग सुरुवातीपासून लॉकहार्टला कळवत राहिला, किती लोक आलेत, कुठून येतायत, आपले किती उरले, आणि तिकडे कर्नल हॉटन हे वाचत होता पण मदत पोचवू शकत नव्हता. भिंत फुटली, लोक आत शिरले, शेवटी गुरमुखने विचारलं की आता हेलिओग्राफ बंद करून रायफल घेऊ का. परवानगी मिळाली, त्याने यंत्र नीट गुंडाळून ठेवलं आणि लढायला गेला. म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते त्याने पाठवलेलं आणि लॉकहार्टवरून डोळ्यांनी दिसलेलं, तेवढंच. त्यापलीकडे चौकीच्या आत कोण काय बोललं असे संवाद कुठे वाचलेत तर ते लिहिणाऱ्याच्या मनातले आहेत.

चौकी पडली, पण टोळ्यांचा तो दिवस तिथे गेला आणि तेवढ्यात गुलिस्तानला मदत पोचली, किल्ला वाचला. सगळ्या २१ जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट दिलं गेलं, त्या काळी भारतीय सैनिकाला मिळू शकणारा शौर्याचा सगळ्यात मोठा मान. आणि एक गोष्ट मुद्दाम लिहितो, समोरचे लोक स्वतःच्या डोंगरात शिरलेल्या इंग्रजांशी लढत होते. हे मान्य केल्याने त्या २१ जणांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न: झोजिला खिंडीत रणगाडे नेले होते म्हणतात, पण तिथे आजही गाडी चालवताना भीती वाटते. १९४८ मध्ये कसे नेले?

हा प्रश्न आला आणि मला फार आनंद झाला, कारण ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

आधी लेहचं बघा. १९४८ च्या सुरुवातीला, काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू असताना, तिकडून लडाखवर हल्ला येणार हे दिसत होतं आणि लेहमध्ये सैन्य नावापुरतं. मेजर पृथी चंद हे लाहौलचे, बर्फातली माणसं, ते थोडेसे स्वयंसेवक घेऊन भर हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातून लडाखकडे जाणारी झोजिला ओलांडून मार्चमध्ये लेहला पोचले. तिथे सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना घेऊन विमानासाठी धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिथे उतरवलं. नकाशावर धड मार्ग नाही, विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही, उतरायची जागा सुमारे ११,००० फुटांवर, आणि शेजारी बसलेले प्रवासी होते मेजर जनरल थिमय्या, ज्यांच्याकडे सगळ्या काश्मीर खोऱ्याची जबाबदारी होती. त्यांनी पायलटवर जबाबदारी टाकून मागे थांबणं पसंत केलं नाही.

पण विमानाने थोडंच सामान जातं, रस्ता हवा होता, आणि रस्त्यातली झोजिला, द्रास, कारगिल ही सगळी ठिकाणं शत्रूने घेतली होती. सप्टेंबरमध्ये पायदळाने झोजिलावर हल्ले केले, ते फसले. वरच्या कड्यांवर मशीनगन, खाली उघडी वाट, वर जाणारा माणूस टिपला जायचा. हिवाळा तोंडावर आला होता, खिंड बंद झाली असती तर लेह पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकटं पडलं असतं.

तेव्हा थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे न्यायचे. ७ व्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, हलक्या जातीचे, तरी एकेक सुमारे १५ टनांचा. रस्त्यातले पूल तेवढं वजन पेलणारे नव्हते म्हणून वरचे तोफेचे घुमट काढून वेगळे नेले, प्रवास रात्रीचा, श्रीनगरमधून जाताना तर कर्फ्यू लावला, म्हणजे कुणी बघू नये आणि बातमी फुटू नये. पुढे खिंडीच्या पायथ्याच्या बालतालपासून वर फक्त खेचरांची पाऊलवाट होती, ती मद्रास सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या तुकडीतल्या जवानांनी थंडीत, शत्रूच्या गोळीबाराखाली रुंद केली, आणि मला विचाराल तर या लढाईचे पहिले मानकरी तेच, कारण त्यांनी वाट केली नसती तर रणगाडे बालतालला उभे राहिले असते.

हवामानामुळे तारीख पुढे ढकलावी लागली. १ नोव्हेंबर १९४८ ला बर्फ पडत असताना रणगाडे चढले, सुमारे ११,५०० फूट उंचीवर, इतक्या उंचीवर तोपर्यंत कुणीच रणगाडे लढवले नव्हते, आणि पहिल्या रणगाड्यात थिमय्या स्वतः. शत्रूकडे पायदळ आणि पहाडी तोफांना तोंड द्यायची तयारी होती, पण रणगाड्याविरुद्ध काहीच नव्हतं, कारण तो इथे येईल हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. गोळे थेट बंकरच्या तोंडात जायला लागल्यावर खिंडीतली फळी त्याच दिवशी मोडली. मग द्रास घेतलं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत कारगिल हातात येऊन लेहची वाट मोकळी झाली.